ऑफिसातले रिपोर्ट: कोण वाचतं, काय वाचतं आणि कसे लिहायचे?

भोसरीकरीण
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या (वितळलेला धातू डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पार्ट बनवायच्या) कंपनीत क्वालिटीला आहे. आधी लाइनवर होते, तिथे रिपोर्ट म्हणजे छापील फॉरमॅटमध्ये आकडे भरायचे, सही ठोकायची, विषय संपला. आता प्रमोशन होऊन वरच्या मजल्यावर बसायला लागले आणि मंथली रिपोर्ट, कस्टमर कंप्लेंटचे रिपोर्ट, मॅनेजमेंट रिव्ह्यूचं सगळं माझ्या गळ्यात आलंय. लिहिते भरपूर, पण प्लांट हेड साहेब पहिलं पान बघतात, एकदम शेवटचं बघतात आणि विचारतात, "बरं मग, माझ्याकडून काय पाहिजे?" अहो आत सगळं लिहिलेलं असतं! जुन्या फायली बघून शिक म्हणाले सगळे, तर त्यात वर्षानुवर्षं तीच वाक्यं आहेत, फक्त तारीख बदललेली. तुम्ही लोक कसं लिहिता? कुणाला कोर्स वगैरे माहीत असेल तर तेही सांगा.

वात्रट_वाल्या
मी पहिला!
आमच्याकडे सोपं आहे, मागच्या महिन्याची फाइल उघडायची, 'सेव्ह ॲज' करायची, महिना बदलायचा. एकदा दिवाळीच्या रिपोर्टात 'पावसामुळे डिस्पॅचला उशीर' तसंच राहिलं होतं, कुणाच्या बापाला कळलं नाही. यावरून कोण वाचतं हा प्रश्न निकालात निघाला असे समजावे.

टूलरूमवाला
वाल्या, तू गप रे.
ताई, एखादा खराखुरा उतारा टाका ना इथे, कंपनी-कस्टमरची नावं काढून. त्याशिवाय हवेत गप्पा होतील. कोर्स सोडा, त्यात 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'च्या स्लाइडा दाखवतात आणि जेवण चांगलं असतं.

भोसरीकरीण
टाकते. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत करून लिहितेय:

"दि. १२ रोजी प्राप्त झालेल्या ग्राहक तक्रारीच्या अनुषंगाने पंप हाउसिंगमध्ये पोरोसिटीमुळे (धातूत राहिलेल्या बारीक छिद्रांमुळे) लीकेज असल्याचे निदर्शनास आले. सदर बाबतीत उत्पादन, गुणवत्ता व टूल रूम विभागांची संयुक्त बैठक घेण्यात आली. बैठकीत सखोल चर्चा होऊन संबंधित ऑपरेटरला समज देण्यात आली व प्रशिक्षण देण्यात आले. यापुढे असे होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल."

पुढे तीन पानं टेबल, फोटो, मीटिंगची अटेंडन्स शीट.

वात्रट_वाल्या
ऑपरेटरला समज देण्यात आली =)) महाराष्ट्रातल्या समस्त एमआयडीसीतला एकमेव रूट कॉज!

टूलरूमवाला
हसण्यावारी नेऊ नका, वाल्या बरोबर बोलतोय. एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडायचा फॉरमॅट) भरणाऱ्या दहातल्या सात जणांचा रूट कॉज, म्हणजे मूळ कारण, ऑपरेटरवर येऊन थांबतो (आकडा माझ्या मनाचा आहे, कोणी पुरावा मागू नये). आता मी प्रश्न विचारतो, उत्तरं द्या. किती पीस पाठवले, किती लीक झाले? लीक झालेले पीस कुठल्या कॅव्हिटीचे (डायमधल्या पार्टच्या कुठल्या खाचेतले)? कॅव्हिटी नंबर कास्टिंगवर उठवलेला असतो, बघितला का कोणी? पोरोसिटी नेमकी कुठे आहे? डायचे एअर व्हेंट (हवा बाहेर जायच्या वाटा) कधी साफ झाले होते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्याकडे लीक टेस्ट असणारच, मग तिथून हे पीस सुटले कसे?

भोसरीकरीण
४,८०० पाठवले, १२ लीक निघाले. त्यातले ११ दोन नंबर कॅव्हिटीचे, पोरोसिटी सगळ्यांची एकाच कोपऱ्यात, डायमध्ये बरोब्बर तिथेच व्हेंट आहे. व्हेंट बुजलेलं होतं, टूल रूमने साफ केलं. पीएम (ठरावीक काळाने करायची देखभाल) कार्डावर महिन्यातून एकदा साफ करायचं असं आहे आणि ते वेळेवर झालंय, तशी सही आहे. पण मे महिन्यापासून तिसरी शिफ्ट सुरू झालीय त्यामुळे महिन्याचे शॉट (डायमध्ये धातू भरायच्या खेपा) बरेच वाढलेत. लीक टेस्ट आम्ही दर तासाला पाच पीस अशी करतो, शंभर टक्के नाही.

टूलरूमवाला
अहो ताई!!! हाच तर रिपोर्ट आहे! हे सगळं तुमच्या त्या चार वाक्यांत कुठे होतं? ऑपरेटर बिचारा काय करणार, व्हेंट त्याने बुजवलं नाही. पीएम कॅलेंडरवर चालतंय आणि डाय शॉटवर झिजतो. प्रॉडक्शन वाढलं तेव्हा पीएमचं कार्ड कोणी बदललं नाही, हा झाला दोष तयार होण्याचा रूट कॉज. आणि सँपल टेस्टमुळे तो बाहेर निसटला, हा दुसरा, निसटण्याचा. एट-डीमध्ये हे दोन वेगळे मागतात आणि लोक एकच लिहून मोकळे होतात. 'का' पाच वेळा विचारायचं हे टोयोटाचं तत्त्व सगळ्यांना पाठ आहे, पण 'का?' ला 'बेफिकिरी' असं उत्तर आलं की पुढे विचारायला काही उरतच नाही. म्हणून उत्तर माणसाच्या स्वभावावर गेलं की समजायचं आपण मध्येच थांबलो.

मी असा लिहीन:

"मंजुरी हवी: (१) पंप हाउसिंगची डाय पुढच्या आठवड्यात दोन दिवस थांबवून दोन नंबर कॅव्हिटीचं व्हेंट खोल करणे, (२) तोपर्यंत रोज १०० टक्के लीक टेस्ट, त्यासाठी प्रत्येक शिफ्टला एक माणूस जादा. गुरुवारपर्यंत कळवावे.
कारण: ४,८०० पैकी १२ पीस ग्राहकाकडे लीक (२,५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २,५००), पैकी ११ दोन नंबर कॅव्हिटीचे. व्हेंट बुजल्याने हवा आत अडकली. साफसफाई महिन्यावर ठरलेली आहे, तिसरी शिफ्ट सुरू झाल्यापासून त्याच महिन्यात शॉट जास्त पडतात. यापुढे साफसफाई शॉटच्या आकड्यावर, कार्ड बदलले.
न केल्यास: व्हेंट पुन्हा बुजेल, आणि तासाला पाच पीसच्या टेस्टमध्ये ते पकडलं जाईलच असं नाही."

बाकी तीन पानं मागे जोडा, हवं तर अटेंडन्स शीटही. साहेब "माझ्याकडून काय पाहिजे" म्हणणार नाहीत, पहिल्याच ओळीत आहे.

भोसरीकरीण
बाप रे. धन्यवाद दादा, हे मी प्रिंट काढून डेस्कला लावते. पण एक शंका, 'कार्ड कोणी बदललं नाही' असं लिहिलं तर मेंटेनन्सवाले माझ्यावर धावून येतील.

निवृत्त_लेखापाल
मी सरकारी नोकरीत आयुष्य काढले त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो. निष्कर्ष आधी, निष्कर्ष आधी असे हल्ली सगळे सांगतात. आमच्या टिप्पणीत क्रम बरोबर उलटा: "पृष्ठ क्र. अमुक वरील पत्राचे कृपया अवलोकन व्हावे", मग पार्श्वभूमी, मग नियम किंवा शासन निर्णय, मग तरतूद शिल्लक आहे का, आणि अगदी शेवटी "वरीलप्रमाणे मान्यतेस्तव सादर". नव्या पोरांना हा वेडेपणा वाटतो. पण सही कुठे होते? मजकुराच्या खाली. साहेब फाइल उघडतात ती शेवटच्या परिच्छेदावर, तिथे प्रस्ताव वाचतात, शंका आली तरच वर सरकतात. म्हणजे निर्णय जिथे नजर पहिल्यांदा पडते तिथेच आहे, फक्त ती जागा कागदाच्या तळाशी आहे.
दुसरे म्हणजे ती फाइल आजच्या साहेबासाठी नसतेच केवळ. दहा वर्षांनी ऑडिट येते, कोर्टात प्रकरण जाते, माहिती अधिकारात टिप्पण्याही मागता येतात. तेव्हा "त्या दिवशी समोर काय माहिती होती" हे दिसले पाहिजे. त्यामुळे पार्श्वभूमीला फालतू म्हणू नका.

टूलरूमवाला
काका, हा मुद्दा भारी आहे, मान्य. पण आमच्या साहेबांना पीडीएफ मोबाइलवर जाते, तिथे तळ गाठेपर्यंत लिफ्ट येते.

निवृत्त_लेखापाल
हा हा. मोबाइलसाठी वर घ्या मग. नजर कुठे पडते ते बघा, इतकेच म्हणणे.

ऑडिटवाली_आत्या
भोसरीकरीण, मेंटेनन्सवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण माझी अख्खी करिअर लोकांना न आवडणारं लिहिण्यात गेलीय (इंटर्नल ऑडिट).
पहिलं, माणूस काढा आणि व्यवस्था लिहा. 'मेंटेनन्सने कार्ड बदलले नाही' याऐवजी 'उत्पादन वाढल्यावर पीएमची वारंवारता तपासण्याची पद्धत सध्या नाही'. यात खोटं काही नाही, उलट जास्त खरं आहे, कारण उद्या मेंटेनन्सचा माणूस बदलला तरी भोक तसंच राहणार.
दुसरं, रिपोर्ट वर पाठवायच्या आधी त्यांना दाखवा. चहा प्यायला जा, कागद पुढे ठेवा, "यात काही चुकीचं आहे का" विचारा. आम्ही ड्राफ्ट देऊन मॅनेजमेंटचं उत्तर घेतो आणि ते निरीक्षणाच्या खालीच छापतो. मीटिंगमध्ये पहिल्यांदा स्वतःबद्दल वाचणारा माणूस भांडणारच, मी पण भांडेन.
तिसरं म्हणजे विशेषणं. 'गंभीर', 'मोठ्या प्रमाणात', 'अनेक प्रकरणी' हे सगळं मी लाल पेनने उडवते. ज्युनियर लिहितो, "अनेक व्हाउचरना मंजुरी आढळली नाही". अनेक म्हणजे किती रे बाळा? ६० तपासली, ९ ना मंजुरी नाही, त्यांची रक्कम इतकी. एवढं लिहिलं की गंभीर म्हणायची गरजच उरत नाही, वाचणारा स्वतःच खुर्चीत सरळ बसतो. आणि 'अनेक' वर वाद घालता येतो, ९ वर येत नाही. प्रत्येक निरीक्षणात आम्ही काय असायला हवं, काय आढळलं, का झालं, परिणाम किती आणि करायचं काय एवढं शोधतो. 'का' गाळलेला असतो बहुतेक वेळा, कारण त्यासाठी जागेवर जाऊन बघावं लागतं.

कर्जमंजुरी
आत्याबाईंशी सहमत. बँकेत आहे, प्रपोजल नोट लिहितो आणि हल्ली दुसऱ्यांच्या वाचतो. पहिल्या पानावर कोण, किती, कशासाठी, तारण काय, रेटिंग काय आणि शिफारस. पण खरा कस लागतो तो डेव्हिएशनमध्ये, म्हणजे निकषात न बसणाऱ्या गोष्टींत. समजा करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.३३ हवा (बँक कर्जाचे निकष सुचवणाऱ्या टंडन समितीपासूनचा मापदंड, अजून डोक्यातून जात नाही आमच्या) आणि पार्टीचा १.१८ आहे. शाखेतला माणूस काय करतो, पहिल्या पानावर प्रमोटरचा पंचवीस वर्षांचा अनुभव, फॅक्टरीचं लोकेशन, वाढती विक्री, आणि १.१८ एकोणिसाव्या पानावर टेबलच्या पोटात. मंजूर करणाऱ्याला ते सापडतंच. आणि सापडलं की उरलेल्या अठरा पानांवरचा विश्वास पण जातो. त्यापेक्षा पहिल्याच पानावर लिहा, रेशो कमी आहे, कारण अमुक, आम्ही तरी शिफारस करतो कारण तमुक. माझा अनुभव असा की वाईट बातमी वर ठेवणाऱ्याची प्रपोजलं जास्त पटकन सुटतात.

डेट्रॉइटचा_दत्तू
वाईट बातमी खाली दडपण्यावरून कोलंबिया आठवलं. कल्पना चावला ज्यात गेली ते स्पेस शटल, १ फेब्रुवारी २००३. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाला स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं मथळ्याचं वाक्य असं काही होतं की वाचणाऱ्याला वाटावं चाचण्यांचे निकाल सुरक्षित बाजूला आहेत. त्याखाली बुलेट, बुलेटखाली सब-बुलेट, त्याखाली आणखी बारीक अक्षरं. आणि सगळ्यात तळाला काय, तर चाचणी केलेला तुकडा ३ घनइंचांचा आणि इथे आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा. सहाशे चाळीस पट! म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर वरचा मथळा उभा आहे त्या इथे लागूच होत नाहीत, आणि हे वाक्य पानाच्या तळाशी. सात जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला त्यात या स्लाइडवर वेगळं लिहिलंय, की वरच्या अधिकाऱ्याला यातून जिवावरचा धोका आहे हे कळणं अवघड होतं. स्लाइड नीट असती तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही, बाकीचीही पुष्कळ कारणं होती. पण १,९२० आणि ३ हे आकडे मथळ्यात असते तर खोलीतल्या कोणीतरी मान वर केली असती.

निवृत्त_लेखापाल
सुन्न झालो वाचून.

नेरुळचा_नंद्या
आयटीवाला हजर. आमच्याकडे रिपोर्ट म्हणजे वीकली स्टेटस, लाल-पिवळा-हिरवा. प्रत्येक प्रोजेक्ट हिरवा असतो, डिलिव्हरीच्या आदल्या आठवड्यापर्यंत. याला आम्ही कलिंगड म्हणतो, बाहेरून हिरवं आतून लालभडक. आणि त्यात दोष फक्त लिहिणाऱ्याचा नसतो हे इथे कोणी बोलत नाहीये. एकदा एका पोरीने प्रामाणिकपणे पिवळा दाखवला तर तिला रोज सकाळी नऊला एक्स्ट्रा कॉल लागला, 'पाथ टू ग्रीन' म्हणून वेगळी शीट भरायला लागली, शेवटी काम कमी आणि शीट जास्त. पुढच्या आठवड्यात तिने हिरवा केला, कॉल बंद. आता सांगा तिला इफेक्टिव्ह रिपोर्ट रायटिंग शिकवून काय उपयोग आहे? साहेबाला शिकवा आधी.

ऑडिटवाली_आत्या
नंद्या, शंभर टक्के खरं. पण साहेब आपल्या हातात नाही, रंग ठरवायचा नियम थोडाफार हातात असतो. प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच लिहून घ्यायचं की तारीख पाच दिवसांहून जास्त घसरली की पिवळा, दहाहून जास्त घसरली की लाल. मग रंग मी दिला नाही, नियमाने आला असं म्हणता येतं. कॉल लागतील तरी, पण निदान तुझ्या नावाने नाहीत.

नेरुळचा_नंद्या
हे बरंय. पुढच्या किकऑफला घुसवून बघतो.
बादवे ॲमेझॉनमध्ये बेझोसने २००४ साली वरच्या मीटिंगांमधून पॉवरपॉइंट काढूनच टाकलं, सहा पानांपर्यंतचा सलग लिहिलेला मेमो आणायचा आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप बसून वाचायचा. सलग वाक्यं लिहिताना 'म्हणून', 'कारण', 'तरीही' टाकावेच लागतात, बुलेटमध्ये ते गाळले तरी चालतं. आमच्याकडे सहा पानं दिली तर वाचायच्या पंधरा मिनिटांत लोक मेल उरकतील.

वात्रट_वाल्या
सहा पानं कशाला लिहायची, एआयला सांगायचं. मी दोन ओळी देतो, तो दोन पानं करतो, मी साहेबांना पाठवतो, साहेब एआयला सांगून त्याच्या दोन ओळी करून घेतात. सगळे खूश.

टूलरूमवाला
वाल्या, विनोद सोड, आमच्या व्हेंडरकडून खरंच असे एट-डी यायला लागलेत. इंग्रजी एकदम गुळगुळीत, 'मजबूत यंत्रणा प्रस्थापित केली', 'सर्वंकष आढावा घेतला', आणि कॅव्हिटी नंबर कुठाय? नाही. एआयला तुमच्या डायचं व्हेंट दिसत नाही ना. स्पेलिंग-ग्रामर तपासायला खुशाल वापरा. मी तर उलटं करतो, माझा ड्राफ्ट देतो आणि विचारतो की हे वाचून प्लांट हेड कुठले प्रश्न विचारेल. त्यातले दोन-तीन कामाचे निघतात.

कर्जमंजुरी
आकड्यांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण रोज भांडण होतं. रिजेक्शन २ टक्क्यांवरून ३ वर गेलं तर '१ टक्का वाढलं' लिहू नका. १ टक्केबिंदू वाढलं, किंवा मूळच्या मानाने ५० टक्के वाढलं. दोन्ही बरोबर आहेत पण वाचणाऱ्याच्या पोटात येणारा गोळा वेगळा. लाख-कोटी आणि मिलियन एकाच टेबलमध्ये नको, परदेशी पॅरेंट कंपनी असेल तर फारच जपून, १ कोटी म्हणजे १० मिलियन हे घाईत उलटं होतं. तारीख ०३/०४ अशी अजिबात नको, अमेरिकेतला माणूस मार्च वाचतो. महिन्याचं नाव लिहा, शाई काही संपत नाही.

डेट्रॉइटचा_दत्तू
+१ तारखेला. मार्च-एप्रिलवरून आमच्याकडे अख्खा कंटेनर चुकीच्या महिन्यात प्लॅन झाला होता.

भोसरीकरीण
पीपीएमचं पण सांगा कोणीतरी. आमचा टार्गेट पीपीएममध्ये आणि लाइनवरचा रिजेक्शन टक्क्यात असतो, साहेब प्रत्येक वेळी गोंधळतात.

टूलरूमवाला
१ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. तुमचा ०.२५ टक्के म्हणजे २,५००. टक्क्यात लिहिलं की किरकोळ वाटतं, पीपीएममध्ये लिहिलं की घाम फुटतो. कस्टमरला जायच्या रिपोर्टात त्याच्या भाषेत, म्हणजे पीपीएम. घरातल्या रिपोर्टात कुठलंही एकच, पण सगळीकडे तेच. आणि ग्राफला थ्रीडी पाय चार्ट टाकू नका प्लीज, पुढची फाक उगाच मोठी दिसते, साधे उभे बार मोठ्यापासून लहानाकडे लावा.

भोसरीकरीण
अपडेट देते मंडळी. आत्या म्हणाल्या तसं मेंटेनन्सच्या सरांना आधी दाखवून आले. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले शॉटवर पीएम करायचं मीच मागे सुचवलेलं, कोणी ऐकलं नाही, आणि काउंटर मशीनवर आहेच, तेही लिहा. म्हणजे उपाय फुकटात निघाला! मग टूलरूमवाल्या दादांच्या साच्यात एक पान केलं, बाकीचं मागे. साहेबांनी वाचलं आणि 'काय पाहिजे' विचारलं नाही. विचारलं ते, "डाय दोन दिवस बंद ठेवली तर कस्टमरला पुरेल एवढा तपासलेला स्टॉक आहे का?" ते माझ्या पानावर नव्हतं. स्टोअरला फोन केला, दीड दिवसाचा आहे. आता शनिवार-रविवार बघून डाय काढायची असं ठरतंय.

टूलरूमवाला
छान झालं! मंजुरीच्या ओळीखालीच स्टॉकची ओळ टाका आता. आणि खर्च? कस्टमरने सॉर्टिंगची (चांगले-खराब पीस निवडायच्या खर्चाची) डेबिट नोट, म्हणजे वसुलीचा कागद, पाठवली का?

भोसरीकरीण
अजून नाही आली. त्यांच्याकडे थर्ड पार्टीची माणसं सॉर्टिंगला बसलीयत एवढं माहितीय.

टूलरूमवाला
मग आजच आपला माणूस तिकडे पाठवा आणि रोजच्या रोज किती पीस तपासले, किती माणसं होती, किती तास, हे त्यांच्या सहीनिशी घेऊन ठेवा. महिन्याअखेर डेबिट नोट येते तेव्हा त्यात तास भलतेच असतात आणि आपल्याकडे दाखवायला कागद नसतो.

वात्रट_वाल्या
म्हणजे अजून एक रिपोर्ट =))